गावाची नगरपंचायत झाली, पण नळ कवा येते?

पळसफूल | रविवार, सकाळी ७.४०

मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. नाव मुद्दाम देत नाही. एवढंसं गाव, संध्याकाळपर्यंत टपरीवर माझं नाव निघेल.

२०१४-१५ च्या सुमारास सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती उचलून नगरपंचायती केल्या, त्यात आम्हीही घर न बदलता शहरात राहायला गेलो. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी, वॉर्डांचे झाले १७ प्रभाग. बसस्टँडसमोर 'आय लव्ह' आणि पुढं गावाचं नाव अशी लाल अक्षरं उभी राहिली. त्यातल्या बदामाचा लाइट पहिल्याच पावसाळ्यात गेला. प्रेम अंधारात चालू आहे.

पण हा धागा रडगाण्याचा नाही. गेल्या दीड वर्षात आमच्याकडं एक गोष्ट खरंच सुधारली, आणि ती कशी सुधारली हे मी घरात बसून पाहिलं, कारण व्हॉल्व्हचा खड्डा आमच्या दारासमोर आहे.

आधी नळ पाचव्या दिवशी यायचा. किती वाजता, ते पाणी सोडणाऱ्या काकांना माहीत आणि देवाला. रात्री दोन वाजता तोटीतून हवा फुसफुसली की आई उठायची, मग आम्ही सगळे. ढोल, टाकं, गुंड, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवायचा, कारण पुढच्या नळाचा भरवसा नाही. आणि गंमत अशी की नवं पाणी आलं की आधीचं उरलेलं 'शिळं' म्हणून नालीत ओतून द्यायचं. अख्खं गाव पाण्यासाठी रडायचं आणि दर पाचव्या दिवशी अख्खं गाव पाणी ओतून द्यायचं.

नवे मुख्याधिकारी आले, पोरगेलेसेच. एका रात्री दीडच्या सुमारास बाहेर बॅटरी चमकली. मला वाटलं चोर. पाहतो तर साहेब खड्ड्याशी उकिडवे बसलेले आणि काका लांब दांड्याची चावी घालून फिरवून दाखवत होते, "इथून अडीच फेरे, साहेब, तिसरा दिला का खालच्या आळीची लाइन फुटते." गावात पाइपलाइन कुठून कशी गेली आहे याचा नकाशा कागदावर कुठंच नव्हता, फक्त काकांच्या डोक्यात होता. काका लग्नाला परगावी गेले की गाव तहानलेलं. आठ-दहा रात्री दोघं असे फिरले. काका सांगत, साहेब वहीत लिहून घेत. १९ व्हॉल्व्ह निघाले. त्यातले ४ गंजून अर्धवट उघडे राहिलेले, म्हणून टाकीजवळ धो-धो आणि खाली उतरलं की करंगळी.

मग केलं ते एवढंच. ४ व्हॉल्व्ह बदलले, गावाचे सहा भाग पाडले आणि कोणत्या भागाला कोणत्या दिवशी किती वाजता पाणी ते टाकीच्या भिंतीवर निळ्या रंगानं मोठ्या अक्षरात लिहिलं. विहीर तीच, टाकी तीच, पंप तोच. पण आता नळ चौथ्या दिवशी येतो, आणि मुख्य म्हणजे सांगितलेल्या वेळी येतो. वेळ पक्की झाल्यावर लोकांनी कुकर भरणं बंद केलं. ओतून देणं निम्म्यावर आलं. वाढलेलं पाणी तिथूनच आलं असणार, दुसरीकडून यायला जागाच नाही.

टिल्लू पंपाचं, म्हणजे नळाला जोडून पाणी ओढणाऱ्या छोट्या मोटारींचं, मात्र सहज सुटलं नाही. नोटिसा दिल्या, रिक्षा फिरवली, दोन पंप जप्त केले. संध्याकाळी दोन्ही घरात नवे पंप. शेवटी ज्या भागात नळ, त्या भागाची वीज तेवढा वेळ बंद ठेवायचं ठरलं. मे महिन्यात पंखा बंद! नगराध्यक्षांच्या घरापर्यंत बाया गेल्या. मग नळाची वेळ पहाटे ५ ते ६ केली आणि ते चालून गेलं.

तुमच्याकडं असं काही झालंय का? योजना नको सांगू, योजनांचे फलक आमच्याकडंही आहेत. रोजच्या कामात काय बदललं आणि ते टिकलं का, ते सांगा.

दगडी पाटा | रविवार, सकाळी ९.१५

छान लिहिलंय दादा. कुकर भरून ठेवायचं वाचून हसले, आमच्याकडं सासूबाई इडलीचं भांडंही भरतात.

आमचं दुखणं वेगळं. आम्ही खारपाणपट्ट्यातले, अकोला जिल्हा. पूर्णेच्या दोन्ही अंगाला अमरावती, अकोला, बुलढाणा असा हा पट्टा पसरलाय. जमिनीखालचं पाणी खारट, बोअर मारावं तर मिठाचं पाणी वर येतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस नाही. म्हणून प्यायला कॅन. कॅन घेणाऱ्याचं ठीक, ज्याला परवडत नाही तो तेच पितो.

आमच्याकडं बाजाराजवळ वॉटर एटीएम बसवलं होतं. पाच रुपयांचं नाणं टाकलं की गोड पाणी. पहिलं वर्ष रांगा लागल्या. मग पाण्याची चव बदलली, मग धार बारीक झाली, मग 'काम चालू आहे' असा कागद लागला. आतली जाळी बदलायची होती म्हणे. मशीन घ्यायला पैसे होते, जाळी बदलायला नव्हते. आता त्याच्यावर वाढदिवसांचे फ्लेक्स बांधतात. मजबूत आहे, फ्लेक्सला चांगलं.

इकडचा तिकडचा | रविवार, सकाळी ११.०२

(मूळ काटोलकडचा, सध्या पुणे)

यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक नळाला स्मार्ट मीटर, व्हॉल्व्ह मोटारीवर चालणारे आणि एक अ‍ॅप. काकांच्या डोक्यातला नकाशा जीआयएसवर, म्हणजे संगणकातल्या नकाशावर, आणायचा. अमृत २.० या केंद्राच्या योजनेत २०२१ पासून लहान शहरांनाही पैसे ठेवले. नगरपंचायतीनं डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) करून पाठवावा.

दगडी पाटा | रविवार, सकाळी ११.१०

अ‍ॅपमध्ये जाळी बदलायचं बटण असेल तर सांगा भाऊ.

बांधावरचा | रविवार, दुपारी १.३०

पळसफूल भाऊ, मी ओयखलं तुमचं गाव. मी बी तिथलाच. आय लव्हच्या बदामावरून ओयखलं.

आता राग नका मानू. तुमी व्हॉल्व्हच्या खड्ड्यासमोर राह्यता, म्हणून तुमाले नळ सुधारला असं दिसते. आमी नाल्याच्या पलीकडचे, शेवटल्या प्रभागातले. भिंतीवर आमचा बी टाइम लिहेल हाये, निया अक्षरात, पहाटे ५ ते ६. आमी पाचले उठतो, तोटी उघडतो, हवा येते. सहाले तोटी बंद करतो. मंग बाया हातपंपावर जातात. त्या हातपंपाचं पानी पिऊन पोट्ट्यायचे दात पिवये पडून राह्यले, डॉक्टर म्हणते फ्लोराइड हाये. उकयलं तरी जात नाही म्हणते.

अन् नगरपंचायत झाल्यानं आमचं काय गेलं ते बी सांगतो. रोजगार हमीचं काम गेलं, म्हणे शहरात ते चालत नाही. ग्रामसभा गेली. ग्रामसभेत आमी उभं राहून सरपंचाले इचारू शकत होतो, बाप्पा, भांडू बी शकत होतो. आता सभा होते नगरसेवकाची, आमी खिडकीतून पाहाचं. घरकुल मिळन म्हणे जास्तीचं, पण जागेचा पट्टा नाही म्हणून फाइल परत. घरपट्टी तेवढी वाढली. दोन एकर वावर, दारात दोन बैलं अन् म्हणे तुमी शहरातले.

पळसफूल | रविवार, दुपारी २.०५

भाऊ, राग कशाचा. खरं सांगू का, मी नाल्याच्या पलीकडं पावसाळ्यात एकदा मयतीला आलो होतो, त्यानंतर आलोच नाही. मी लिहिलं ते माझ्या दारापुरतं खरं आहे एवढंच म्हणतो. तुमच्याकडं नळ येत नाही हे मला आज कळलं आणि ते या धाग्यावर कळावं याची लाज वाटली.

जुना कारकून | रविवार, रात्री ८.४५

वाचत होतो, शेवटी लिहायला बसलो. एका नगरपरिषदेत (बुलढाणा जिल्हा) कर विभागात ३१ वर्षं काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण शास्तीचा, म्हणजे थकबाकीवरच्या दंडाचा, आकडा दिसला की अजून हात कॅल्क्युलेटरकडं जातो.

बांधावरचा यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते कोणा एकाच्या वाईटपणामुळं नाही, कायद्यामुळं आहे. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात ग्रामीण भागाची व्याख्या करतानाच नागरी संस्थांची हद्द वगळली होती. गाव ज्या दिवशी नगरपंचायत होतं त्या दिवशी शेतमजूर तोच राहतो, व्याख्या बदलते. घरकुलाचं उलट. ग्रामीणला मूळ १ लाख २० हजार, नागरीला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, म्हणजे अडीच. कागदावर फायदा. पण जागेची मालकी दाखवावी लागते, आणि गावठाणाच्या कडेनं पिढ्यानपिढ्या राहणाऱ्याकडं तीच नसते.

ग्रामसभेबद्दल थोडं. नगरपंचायत १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमाखाली चालते, त्यात ग्रामसभा नाही. मात्र २००९ मध्ये त्यात क्षेत्रसभेची तरतूद आली, म्हणजे प्रभागातल्या मतदारांची सभा. मी नोकरीत असताना एकही घेतलेली पाहिली नाही. पण मागायला हरकत काय? लेखी मागा, नगरसेवकाला आणि मुख्याधिकाऱ्याला, दोघांना.

आता पैशाचं, कारण 'फंड नाही' हे उत्तर सगळ्यांना मिळतं. फंड असतो, चुकीच्या खिशात असतो. पंधराव्या वित्त आयोगात (२०२१-२२ ते २०२५-२६) आपल्यासारख्या लहान शहरांच्या पैशातला ६० टक्के बांधलेला होता, अर्धा पाण्याला आणि अर्धा स्वच्छतेला. त्यातून पाइप येतो, गाडी येते. पाणी सोडणाऱ्याचा पगार त्यातून देता येत नाही. तो द्यायचा घरपट्टी-पाणीपट्टीतून. आणि वसुलीचं आपल्याकडं काय असतं ते मला विचारा. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, वर्षाचे झाले २४. सावकारही एवढं घ्यायला लाजेल. माणूस पहिल्या वर्षी हजार भरू शकतो, पाचव्या वर्षी रक्कम पाहून तो येतच नाही. मग लोकअदालत, मग सवलत. जो वेळेवर भरतो तो मूर्ख ठरतो. हे मी दरवर्षी मार्चमध्ये डोळ्यांनी पाहिलं.

वसुली नाही म्हणून पंपाचं वीजबिल थकतं. आमच्याकडं एका उन्हाळ्यात लाइन कापली होती. विहिरीत पाणी, टाकी कोरडी.

एक गोष्ट मात्र आम्ही चांगली केली होती. पावती घरपोच, आणि पाणीपट्टीच्या मागणी बिलाच्या पाठीमागं त्या प्रभागात वर्षभरात काय दुरुस्त केलं ते चार ओळींत छापायचं. 'अमुक गल्लीतली गळती काढली, तमुक चौकातली मोटार भरली.' ज्या प्रभागाच्या पाठीमागं लिहायला काही नसायचं तिथं वसुली व्हायची नाही आणि नगरसेवक आमच्या टेबलावर येऊन बसायचा. पुढच्या वर्षी त्याच्या ओळी भरायच्या. पुढं छपाईचा खर्च वाचवायला ते बंद केलं.

इकडचा तिकडचा | रविवार, रात्री ९.२०

काका, ही आयडिया माझ्या अ‍ॅपपेक्षा भारी आहे. मागे घेतो अ‍ॅप.

मोहाची फुलं | सोमवार, सकाळी ६.५०

मी आरोग्य विभागात आहे, गडचिरोली जिल्हा. पळसफूल यांनी ढोल भरून ठेवायचं लिहिलं, तिथं माझे कान टवकारले.

डेंग्यूचा डास घाणीत होत नाही, घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस. म्हणजे नळ जितका बेभरवशाचा तितके ढोल जास्त, जितके ढोल जास्त तितका डेंग्यू. लोक मात्र धुराच्या गाडीची मागणी करतात. धूर उडणारा डास मारतो, ढोलातल्या अळीला त्याचं काही नाही. पण धुराची गाडी दिसते ना! मागं नगरसेवक चालतो, फोटो निघतो. अळी शोधत न्हाणीघरात वाकणाऱ्या आमच्या बाईचा फोटो कोण काढणार?

आम्ही आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगायचो. लोक हो म्हणायचे, ढोल रिकामा करायचे नाहीत. का करतील? उद्या नळ आलाच नाही तर? इथल्या नगरपंचायतीत मी ओळखीनं पाण्याचं वेळापत्रक मागून घेतलं आणि कोरडा दिवस नळाच्या आदल्या दिवशी ठेवला, प्रत्येक भागाचा वेगळा. आदल्या संध्याकाळी ढोल खाली करून आतून नारळाच्या शेंडीनं घासायचा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. पहिल्या वेळी एका आजीनं ढोल घासला आणि नळ आला नाही. ती आजी मला अजून रस्त्यात अडवते. पण बहुतेक वेळा आला, आणि मग बाकीच्यांनीही घासायला सुरुवात केली. मोठ्या टाक्यांत गप्पी मासे.

फ्लोराइडबद्दल बांधावरचे भाऊ बरोबर सांगतात. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही जात नाही. त्या हातपंपाचं पाणी तपासायला द्या. प्रमाण लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर पंपाला लाल रंग लावून घ्या, धुण्या-भांड्याला चालेल, पिण्याला नाही. आणि तोवर प्यायचं पाणी टँकरनं देणं हे नगरपंचायतीचं काम आहे, उपकार नाहीत.

शेणसडा | सोमवार, दुपारी ३.२५

मी बचत गटाची. आमच्या गटाकडं ओला कचरा वेगळा करून खत करायचं काम आहे, नगरपंचायतीच्या डेपोवर. वर्धा जिल्हा.

बोलू का जरा कचऱ्याबद्दल? घंटागाडीला दोन कप्पे आहेत, हिरवा आणि निळा. २०१६ च्या नियमात ओला, सुका आणि घरातला घातक असा वेगळा द्यायचा लिहिलं होतं. लोक एकाच थैलीत देतात, गाडीवाला एकाच कप्प्यात टाकतो, आणि डेपोवर आम्ही अकरा बायका ते हातानं वेगळं करतो. डायपर, सॅनिटरी पॅड, दाढीची पाती, फुटलेला बल्ब, एकदा तर जिवंत कोंबडी. हातमोजे दिले होते, ते तिसऱ्या आठवड्यात फाटले. नवे यायला चार महिने.

खत केलं. काळंभोर, वास नाही, मला तर लोणच्यासारखा अभिमान. शेतकऱ्यांना स्वस्तात द्यायचं ठरलं. पहिल्या वर्षी सात-आठ जणांनी नेलं, दुसऱ्या वर्षी कोणी नाही. कळेना. मग एका दादानं सांगितलं, "ताई, खत चांगलं हाय, पन त्याच्यात काच हाय. निंदाले बाया अनवानी उतरतात." त्याच्या शेतात एका बाईचा तळवा चिरला होता. रात्री झोप नाही आली मला.

मग आम्ही अध्यक्षबाईंकडं गेलो, काहीच मागितलं नाही, फक्त बारीक चाळणी मागितली. लोखंडी, गोल फिरणारी. ठराव, निविदा, तीन कोटेशन, आठ महिने. तोवर आम्ही वाळूवाल्याकडची जुनी जाळी खाटेच्या चौकटीला बांधून चाळलं. आता चाळणी आहे. आणि गाडीवाल्या दादांना आम्ही सांगितलं, मिसळलेला कचरा घेऊ नका, घरापुढं ठेवून या. तीन दिवस शिव्या खाल्ल्या त्यांनी. त्यांना शिव्या खायला पगार देत नाहीत, हेही लिहिते, आणि तो पगारसुद्धा ठेकेदार वेळेवर देत नाही. पण ज्या गल्लीत नगरसेविका स्वतः सकाळी गाडीमागं चालल्या, तिथं आता वेगळा कचरा येतो. दुसऱ्या गल्लीत नाही. माणूस पुढं आला तिथं झालं.

भरतीवाला पोट्टा | सोमवार, रात्री ११.४०

आमच्या इकडं नगरपंचायतनं अभ्यासिका काढली. ४० खुर्च्या, सकाळी ६ ते रात्री ११. पोलीस भरती अन् तलाठीची तयारी करणारे आमी सगळे तिथंच. लय फायदा झाला, घरी टीव्ही चालू राह्यते. अन् ग्राउंडवर चार लाइट लावून द्या म्हटलं तर लावून देल्ले, आधी हायवेवर पयाचो अंधारात, ट्रकच्या उजेडात.

ओपन जिम कोनी मागितली नोती, ते बी देल्ली. मे महिन्यात त्याले हात लावून पाहा. पापड भाजल.

जुना कारकून | मंगळवार, सकाळी ८.१०

बांधावरचा, तुमच्या नळाबद्दल रात्री विचार करत होतो. माहितीचा अधिकार नंतर, आधी एक सोपी गोष्ट करा. कार्यालयात पाण्याच्या क्लोरीन तपासणीची नोंदवही असते, तिला ओटीचं रजिस्टर म्हणतात. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन, त्याचे दोन थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. हे टाकीजवळ करून भागत नाही, लाइनीच्या शेवटच्या टोकाच्या नळावर करायचं असतं, कारण क्लोरीन तिथवर पोचलं पाहिजे. त्या रजिस्टरमध्ये तुमच्या भागातलं शेवटचं घर कोणाचं लिहिलंय आणि निकाल काय लिहिलाय ते पाहून या. पळसफूल, तुम्ही सोबत जा. दोघं गेलात की रजिस्टर लवकर सापडतं.

बांधावरचा | बुधवार, संध्याकाळी ६.३०

गेल्तो. पळसफूल भाऊ बी आल्ते, सुट्टी काढून.

रजिस्टर पाह्यलं. आमच्या लाइनीतलं शेवटचं घर माह्या सख्ख्या काकाचं लिहेल हाये. सगळ्या तारखायले 'पिवळा'. माहा काका गेल्या दिवाळीपासून पोराकडं चंद्रपूरले हाये. घराले कुलूप. तोटीच्या तोंडात मातीच्या माशीनं घर केलं हाये.

पळसफूल | बुधवार, संध्याकाळी ७.०५

मी सोबत होतो, म्हणून सांगतो. आरोग्य निरीक्षक आधी चिडले, मग गप्प झाले. मुख्याधिकाऱ्यांनी रजिस्टर स्वतःकडं ठेवून घेतलं आणि पाणी सोडणाऱ्या काकांना बोलावलं. काका म्हणाले, "साहेब, नाल्यापलीकडं एक व्हॉल्व्ह होता. तुमाले दाखवला नाही, कारण मले बी दिसत नाही आता."

तो सिमेंट रोडच्या खाली गेला आहे. तीन वर्षांपूर्वी रस्ता झाला तेव्हा ठेकेदारानं वरून काँक्रीट ओतलं, चेंबर उचललं नाही. म्हणजे माझे १९ व्हॉल्व्ह नाहीत, २० आहेत. विसावा बंद आहे की अर्धा उघडा, कोणालाच माहीत नाही. त्या रस्त्याचं बिल निघालं, उद्घाटन झालं, फलकावर नावं आहेत. मीही त्या रस्त्याचं कौतुक केलं होतं, गाडी मस्त पळते म्हणून.

इकडचा तिकडचा | बुधवार, रात्री ८.५०

रस्ता फोडायला परवानगी लागेल ना? नवा सिमेंट रोड फोडला की ऑडिटवाले विचारतात. आमच्याकडं याच कारणानं दोन वर्षं लाइन तशीच राहिली होती.

जुना कारकून | बुधवार, रात्री ९.१५

लागेल, आणि ती मुख्याधिकाऱ्याच्याच हातात आहे. रस्त्याचा दोषदायित्व कालावधी (दोष निघाला तर ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत) संपला नसेल तर ठेकेदाराकडून त्याच्याच खर्चानं करून घेता येतं. फाइलमध्ये करारनामा पाहा म्हणावं. ठेकेदार नाही म्हणाला तर त्याची सुरक्षा ठेव आहे की नाही नगरपंचायतीकडं, ती कशासाठी ठेवतात?

आणि क्षेत्रसभेचं पत्र दिलं का?

बांधावरचा | बुधवार, रात्री ९.४०

देल्लं. ६३ सह्या हायेत. नगरसेविका ताईनं बी सही केली, म्हणाली मले असं काही असते हेच माहीत नोतं. पोच घेतली. शिक्का हाये.

मोहाची फुलं | शुक्रवार, सकाळी ७.२०

हातपंपाचा नमुना दिला का? धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत, एक लिटर. विसरू नका, रस्त्याच्या भानगडीत तेच राहून जाईल.

बांधावरचा | शुक्रवार, सकाळी ७.५५

देला, ताई. रिपोर्ट याचा हाये. तोवर एक दिवसाआड टँकर येऊन राह्यला.

पळसफूल | पुढच्या आठवड्यात, गुरुवार, दुपारी १२.४०

रस्ता फोडला. अडीच तास ब्रेकर चालला, अर्धं गाव बघायला. काकांनी आधी जागा दाखवली ती चुकली, चार फूट बाजूला निघाला. चेंबरमध्ये सिमेंटचा गोळा बसलेला, छिन्नीनं फोडून काढावा लागला. व्हॉल्व्ह पूर्ण बंद नव्हता, एक फेरा उघडा होता. तीन वर्षं एका फेऱ्यावर ७०-८० घरं. नवा बसवला, वर झाकण रस्त्याच्या बरोबरीनं. साहेबांनी वहीत २० लिहिलं आणि त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला.

काकांना विचारलं, अजून किती असतील असे गाडलेले? म्हणाले, "मले जे आठवते ते सांगतलं."

बांधावरचा | शुक्रवार, सकाळी ६.१०

आज नळ आला. ५ वाजून २० मिनिटांनी आला, पावनेसहाले गेला. माह्या घरी चार गुंड भरले, पाचवा अर्धा राह्यला. नाल्याच्या काठच्या तीन घरायले अजून हवाच येते. त्यायचे टिल्लू नाहीत, तरी येते. सोमवारी पुन्हा जातो.